साहेब, तुमचं नाव काय?

(कल्याण येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पोलीस ठाण्यातल्या अनुभवांविषयी बोला, असा मला निरोप होता. तो विषय एवढा मोठा आहे की तीन दिवसांचं शिबिरही पुरणार नाही. म्हणून मी त्यातला चार बोटांएवढाच तुकडा उचलला आहे. पोलिसाच्या छातीवर, खिशापाशी नावाची पट्टी असते, ती. काहीजणींना हसू आलं. पूर्वी मलाही आलं असतं. बायकांवर एवढे अत्याचार होताहेत आणि ही पट्टीचं काय घेऊन बसली! पण ऐका.

आपल्या एका गटातली बाई. तिचं नाव सांगत नाही, पोलीस ठाण्याचंही सांगत नाही. चार घरची धुणीभांडी करते. नवऱ्याने दारू पिऊन कपाळ फोडलं, तशी रात्री साडेनऊला रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेली. टेबलापाशी जे होते ते म्हणाले, "ए बाई, जेवायला वेळेवर दिलं नसशील. जा, सकाळी ये." सकाळी गेली तर दुसरेच होते. ते म्हणाले, रात्री ज्यांच्याशी बोललीस त्यांनाच भेट. ते कोण? ते रात्रपाळीला. रात्री गेली तर त्यांची सुटी. चौथ्या दिवशी ती आमच्याकडे आली, तोवर जखमेवर खपली धरली होती.

वरिष्ठांकडे लेखी तक्रार करायचं ठरलं. मी कागद-पेन घेऊन बसले. विचारलं, कोण होते ते? म्हणाली, "मिशीवाले साहेब." मग आम्ही दोघी जाऊन तिथल्या बाकावर बसलो. तासाभरात चार मिशीवाले आले आणि गेले. शेवटी अर्जात लिहिलं, 'त्या रात्री साडेनऊच्या सुमारास टेबलावर असलेले कर्मचारी'. दीड महिन्याने उत्तर आलं: अर्जदाराने संबंधित कर्मचाऱ्याचे नाव नमूद केलेले नाही, सबब पुढील कार्यवाही करता येत नाही. वास्तविक त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं हे त्यांच्याच ड्यूटी रजिस्टरात लिहिलेलं असणार. ते उघडून बघायचं काम एका धुणंभांडी करणाऱ्या बाईचं नव्हतं. पण 'सबब' या शब्दापुढे आमचं काही चाललं नाही.

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. जो पोलीस आपली तक्रार लिहून घेतो, त्याचं नाव कागदावर येतं. एफ.आय.आर.वर ते असतं, एन.सी.च्या प्रतीवर निदान सही-शिक्का असतो. जो आपल्याला हाकलून देतो, त्याचं नाव कुठंच येत नाही. त्याने काही लिहिलेलंच नसतं! म्हणजे ज्याच्याविरुद्ध आपल्याला तक्रार करायची आहे, नेमका तोच बिननावाचा राहतो. त्याचं नाव मिळण्याची जागा एकच, त्याची छाती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पश्चिम बंगालमधल्या लीगल एड सर्व्हिसेस या संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ साली सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोठडीत माणसं मरताहेत, त्याच्या वर्तमानपत्रात आलेल्या बातम्यांकडे त्यांनी लक्ष वेधलं. त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं आणि दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला. कोर्टाने अकरा नियम घालून दिले. त्यातला पहिला नियम पट्टीचा आहे. अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाने अचूक, स्पष्ट आणि दिसेल अशी ओळख व हुद्द्यासह नावाची पट्टी लावली पाहिजे, आणि चौकशी करणाऱ्या सगळ्यांची नोंद रजिस्टरात झाली पाहिजे. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं त्याच्यानंतर येतं. कोर्टाने पट्टी पहिली का घेतली असेल? माझी समजूत अशी की पुढचे दहा नियम मोडले तर ते कोणी मोडले हे सांगायला आधी नाव लागतं. हे नियम प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक जागी लावा, असंही त्या निकालात आहे. ते पाळले नाहीत तर खात्याची कारवाई आणि शिवाय कोर्टाचा अवमान. तुम्ही पोलीस ठाण्यात जाता तेव्हा हा फलक शोधा. कधी तो असतो, कधी त्याच्यापुढे कपाट असतं.

पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-ब आलं आणि १ नोव्हेंबर २०१० पासून पट्टीची ही अट कायद्यातच गेली. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात तेच कलम ३६ म्हणून आहे. तेव्हा कोणी म्हणालं, "ते जुने नियम गेले आता," तर ३६ हा आकडा लक्षात ठेवा.

पण एक गोष्ट गेली आहे, आणि तिच्याबद्दल आपल्यात फारसं बोललं गेलेलं नाही. जुन्या कायद्यात कलम ४१-क होतं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर अटक झालेल्यांची नावं-पत्ते लावायचे, आणि त्यांच्यासोबत अटक करणाऱ्या पोलिसांची नावं आणि हुद्देही लावायचे, असं त्यात होतं. नव्या कायद्यात त्या जागी कलम ३७ आहे. अटक झालेल्याचं नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप हे आता प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक लावायचं आहे. अटक करणाऱ्याच्या नावाचा उल्लेख मात्र त्यात उरलेला नाही. ज्याच्यावर अजून काही सिद्ध झालेलं नाही त्याचा पत्ता चव्हाट्यावर, आणि ज्याने सरकारी अधिकारात हात धरून नेलं त्याचं नाव नाही! कोणाची अब्रू जपायची आणि कोणाची नाही, हे कायद्याची कलमं वाचतानाही कळत जातं.

दुसरी त्रुटी आपल्या जास्त जवळची आहे. हा सगळा कायदा अटकेपुरता आणि चौकशीपुरता आहे. आपल्यातल्या किती जणींना अटक झाली? मोर्चात झाली असेल. बाकी आपण पोलीस ठाण्याची पायरी चढतो ती फिर्यादी म्हणून. मुलगी घरी आली नाही, सासरच्यांनी दागिने काढून घेतले, गल्लीतला पोरगा पाठलाग करतो. त्या टेबलापलीकडच्या माणसाने पट्टी लावली नसेल तर तो केवळ गणवेशाच्या शिस्तीचा प्रश्न ठरतो, बूट पॉलिश न केल्यासारखा. आणि आपल्याला ती पट्टी सगळ्यात जास्त तिथंच हवी असते.

का, ते सांगते. २०१३ मध्ये दिल्लीच्या घटनेनंतर कायदा बदलला, तेव्हा भारतीय दंडविधानात १६६-अ हे कलम आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत १९९ आहे. बलात्कार, विनयभंग, अ‍ॅसिडहल्ला अशा गुन्ह्यांची खबर बाई देत असताना जो सरकारी नोकर ती लिहून घेत नाही, त्याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी. हे कलम आपल्या चळवळीने भांडून मिळवलं आहे. पण ते लावायचं कोणावर? 'मिशीवाल्या साहेबां'वर?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला काय झालं ते तुम्ही पाहिलंत. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या दिवशी गाड्या बंद म्हणून स्टेशनवर अडकल्या होत्या. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन आईवडील पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसून राहिले. २० ऑगस्टला हजारो लोक रुळावर उतरले, तेव्हा कुठे अधिकाऱ्यांच्या निलंबनाचे आदेश निघाले. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवायला उशीर का, हे विचारलं. एका शहराला रेल्वे बंद पाडावी लागली, तेव्हा कोणी टाळाटाळ केली याची नावं पुढे आली. प्रत्येक बाईच्या पाठीशी रूळ अडवायला शहर येणार आहे का?

ओळख पटण्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मथुरेचं नाव तुम्हाला माहीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, देसाईगंजचं पोलीस ठाणं. हवालदार तुकाराम आणि शिपाई गणपत. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती, हे त्या निकालातलं वाक्य आपण सगळ्यांनी धिक्कारलं. १९७९ चं चार प्राध्यापकांचं खुलं पत्र, १९८० ची निदर्शनं, १९८३ चा कायदा हे सगळं त्यातून झालं. पण निकालातला आणखी एक मुद्दा आपण फारसा वाचत नाही. फिर्यादीत तिने तुकारामवर जे गंभीर आरोप केले होते, तीच कृत्यं साक्षीत तिने गणपतची म्हणून सांगितली, असं कोर्टाने म्हटलं, आणि तुकारामवर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही असं ठरवताना ते तिच्या विरोधात वापरलं. एक पोरकी आदिवासी मुलगी, रात्री पोलीस ठाण्यात, दाराला कडी. कोणी काय केलं यात तिची एकदा गफलत झाली म्हणून ती खोटी! पट्टी असती तर मथुरेला न्याय मिळाला असता, असं मी म्हणणार नाही. तो निकाल ज्या मनोवृत्तीतून आला तिला पट्टीने काही झालं नसतं. पण नाव अचूक सांगता आलं नाही की त्याची किंमत कोण मोजतं, ते तिथं दिसतं.

आता आपल्या भागात या. पट्टी कुठे कुठे झाकली जाते, याची यादी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली करू शकाल. पावसाळ्याचे चार महिने रेनकोट. थंडीत जॅकेट. बंदोबस्ताला छातीवर जाड संरक्षक कवच आणि डोक्यावर हेल्मेट, म्हणजे नेमकं लाठी चालते तेव्हा. डी.बी.चे लोक तर साध्या कपड्यांतच असतात. स्टेशनवर आणखी गोंधळ. कल्याण, डोंबिवली, ठाणे, कुठल्याही फलाटावर लोहमार्ग पोलीस असतात ते महाराष्ट्र पोलिसांचे, रेल्वे सुरक्षा दलाचे जवान ते केंद्राचे, शिवाय होमगार्ड, सुरक्षा बलाचे रक्षक. खाकी रंग बघून आपण सगळ्यांना पोलीस म्हणतो. भाजी घेऊन बसणाऱ्या एका बाईने सांगितलं, पोलिसाने पाटी उधळली. चौकशी केली तर तो पोलीस नव्हताच, पालिकेच्या पथकाबरोबरचा कोणीतरी होता. तिची तक्रार तीन कचेऱ्यांतून फिरली आणि विरून गेली.

हेल्मेटचा प्रश्न बाहेरच्या देशांतही आला आहे. जर्मनीत म्युनिकला २००७ मध्ये फुटबॉलच्या सामन्यानंतर दोन प्रेक्षकांनी पोलिसांच्या मारहाणीची तक्रार केली. हेल्मेटवर फक्त तुकडीचा क्रमांक होता, माणसाचा नव्हता, त्यामुळे कोणावरही खटला चालला नाही. २०१७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की पोलिसांना तोंड झाकून पाठवायचं असेल, तर निदान वेगळा ओळखता येईल असा क्रमांक दिसला पाहिजे. इथं 'क्रमांक' हा शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

पोलिसांचे वरिष्ठ आपल्याला म्हणतात, तुम्ही आमच्यावर संशय घेता. त्यांना मी त्यांच्याच फायद्याचा एक मुद्दा सांगते. डोंबिवली-ठाण्याला सकाळी देवळात किंवा बाजारात निघालेल्या म्हाताऱ्या बायकांना तोतये पोलीस गाठतात. "आजी, पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा." घरी येऊन रुमाल सोडला की आत दगड. पोलीसच मग आवाहन करतात की ओळखपत्र विचारा. अहो, खऱ्या पोलिसाला नाव विचारलं तर तो खेकसतो, मग खोट्याला विचारायची सवय आजीला कुठून लागणार? आता तर फोनवर गणवेश घालून 'डिजिटल अटक' करणारेही निघाले आहेत, आणि त्यांच्या छातीवर पट्टी अगदी व्यवस्थित असते!

आता दुसरी बाजू. ती मला एका महिला शिपायाने सांगितली आणि मी गप्प झाले. मी तिला म्हटलं, तुमची पट्टी जॅकेटखाली का? ती म्हणाली, "ताई, गणपतीच्या बंदोबस्ताला उभी असते. पोरं पट्टी वाचतात आणि रात्री फेसबुकवर मेसेज. एकदा एकाने नाव घेऊन गर्दीतून हाका मारल्या. तुम्हाला पट्टी म्हणजे जबाबदारी, मला ती उघड्या दारासारखी वाटते." दुसरी म्हणाली की आडनाव वाचलं की समोरच्याचा आवाज बदलतो. काहींचा वर चढतो, काही 'आपल्यातली' म्हणून जवळीक साधतात. या बायका बारा बारा तास उभ्या असतात. २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्यूटी जाहीर झाली, ती कुठे किती पाळली जाते ते त्यांनाच विचारा. त्या आपल्या विरोधात नाहीत. त्यांची अडचण बाजूला सारून आपण पट्टीची मागणी केली, तर ती अर्धीच होईल.

आडनावाचा प्रश्न मराठवाड्यात उघडपणे पुढे आला. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, जातीजातींत तेढ वाढली, आणि २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी आदेश काढला की पट्टीवर आडनाव नको, फक्त नाव. मला तो आदेश मनापासून आवडला. जात बघून पोलीस ठरवायचा आणि पोलिसाने जात बघून तक्रार घ्यायची, हे थांबवायचा निदान कोणीतरी विचार केला. पण लगेच दुसरा विचार आला. नुसतं 'संतोष' लिहिलं तर एका पोलीस ठाण्यात किती संतोष? आपले मिशीवाले साहेब पुन्हा चारच्या चार! कायदा अचूक आणि सहज ओळख पटेल अशी पट्टी मागतो. एकट्या पहिल्या नावाने ती पटते का, हा प्रश्न कोर्टात कधीतरी येईलच.

माझं मत असं की उत्तर पोलिसांच्याच घरात आहे. त्याला ते बक्कल नंबर म्हणतात. पूर्वी पट्ट्याच्या बक्कलावर आकडा असायचा, त्यावरून नाव पडलं. शिपायापासून वर हवालदारापर्यंत प्रत्येकाला तो असतो. काही पट्ट्यांवर आजही नावाबरोबर तो दिसतो, काहींवर दिसत नाही. तो प्रत्येक पट्टीवर मोठ्या अक्षरांत आला पाहिजे, आणि रेनकोटवर, जॅकेटवर, कवचावर पाठपोट छापला पाहिजे. नाव आणि नंबर असेल तर आडनाव नसलं तरी बिघडत नाही. जात दिसत नाही, महिला शिपायाला फेसबुकवर शोधता येत नाही, आणि माणूस मात्र सापडतो. फौजदार आणि त्याच्यावरच्यांना बक्कल नंबर नसतो, त्यांनी पूर्ण नाव आणि हुद्दा लावावा. ते मोजकेच असतात आणि अधिकारही त्यांनाच जास्त असतो.

नंबरचा आणखी एक फायदा मला कपाळ फुटलेल्या त्या बाईनेच शिकवला. तिला अक्षरं वाचता येत नाहीत. मी विचारलं, मग पट्टी असूनही तुला काय उपयोग झाला असता? ती म्हणाली, "मला बसचा नंबर वाचता येतो की! मालकिणींचे फोन नंबर पाठ आहेत माझे." आपण साक्षर कार्यकर्त्या, नावाच्या पट्टीसाठी भांडतो आणि ती आपल्यालाच वाचता येईल एवढं बघतो. आकडा मात्र आपल्या बहुतेक बायका ओळखतात.

कॅमेऱ्यांचंही दोन शब्दांत सांगते. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात आत-बाहेर, कोठडीत, व्हरांड्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, अगदीच अडचण असेल तर निदान वर्षभर ठेवायला हवं. कॅमेरे चालतात याबद्दल शंका नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला, त्याचं चित्रण महाराष्ट्रभर घरोघरी पाहिलं गेलं. बाईला हाकलल्याचं चित्रण मागितलं की ते नेमकं बंद पडलेलं असतं. म्हणून चित्रण जपून ठेवा असा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा, तारीख-वेळ घालून, आणि पोच घ्यायची.

आता कामाचं. पोलीस ठाण्यात एकटीने जायचं नाही. दोघींपैकी एक बोलेल, दुसरी वहीत टिपेल: वेळ, टेबल, नाव किंवा नंबर, बाहीवर फिती किती. तीन फिती म्हणजे हवालदार. पट्टी नसेल तर शांतपणे विचारायचं, "साहेब, तुमचं नाव काय? वहीत लिहायचंय." आवाज चढवायचा नाही. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा एवढ्यानेच समोरचा खुर्ची पुढे करतो. नाव सांगितलं नाही तर तेच वहीत लिहायचं, 'नाव विचारले, सांगितले नाही', आणि तो कागद पोस्टाने परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवायचा.

दुसरं, माहितीचा अर्ज. आपलं सगळं, ठाण्यापासून डोंबिवली, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, बदलापूरपर्यंत, एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयाखाली येतं. त्यांना विचारायचं की नावाच्या पट्टीबद्दल आयुक्तालयाचा लागू असलेला आदेश कोणता, त्याची प्रत द्या, आणि गेल्या तीन वर्षांत पट्टी न लावल्याबद्दल किती जणांवर कारवाई झाली. रेनकोट आणि जॅकेटचा प्रश्न वेगळ्या अर्जात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, त्यामुळे निबंध लिहू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. पिवळं रेशनकार्ड असेल तर त्याची झेरॉक्स जोडा, फी लागत नाही. उत्तराला तीस दिवस.

अर्जाचे नमुने मागच्या बाकावर ठेवले आहेत. जाताना प्रत्येक गटाने दोन घ्या. ज्यांना रेल्वेच्या पोलिसांबद्दल अर्ज करायचा आहे त्यांनी थांबा, त्याचा पत्ता वेगळा आहे, तो मी चहानंतर फळ्यावर लिहिते.